धेनुकाकटचे यवन

‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी प्रवासग्रंथाच्या बावन्नाव्या परिच्छेदात कल्याणच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन ओळी आल्या आहेत. थोरल्या सारगनाच्या काळात कल्लिएना ही रीतसर पेठ होती. पुढे ती संदनाच्या हाती गेली आणि तिथला व्यापार असा काही अडवला गेला की, एखादं ग्रीक गलबत चुकून त्या बंदरात शिरलंच, तर त्यावर पहारा बसवून ते भडोचला नेलं जाई. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने हे लिहून ठेवलं. त्याचं नाव कुठेही नाही आणि त्याच्या मजकुराची दहाव्या शतकातली जुनी प्रत आज हायडेलबर्गला आहे. तांबं, कथील, पोवळं, इटलीची दारू, राजासाठी गाणारी मुलं आणि चांदीची भांडी अशा याद्या देणारा हा माणूस कल्याणपाशी येऊन एकदम राजकारण बोलू लागतो. बहुधा त्याच्या ओळखीतल्या कुणाचं तरी गलबत तिथे अडकलं असावं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

बदलापूरच्या मांजर्लीत बसून या ओळी वाचताना त्या परमुलखातल्या वाटत नाहीत. राजमाचीच्या पायथ्याकडून निघालेली उल्हास नदी कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते आणि कल्याणशी खाडीला मिळते. त्या काळी बंदरात उतरलेल्या मालाची घाटावर जाणारी एक मोठी वाट याच खोऱ्यातून होती. वाटेवर कोंडाण्याची लेणी आहेत. कण्हाचा शिष्य बालक याने ती केली, एवढंच तिथला लेख सांगतो. पुढे घाट चढला की भाजे, कार्ले, बेडसे. कल्याणचे सोनार, लोहार, व्यापारी कान्हेरीच्या लेखांत दाते म्हणून भेटतात. म्हणजे पेठ होती, वाट होती आणि वाटेवर दान देणारी माणसं होती. त्या माणसांत ग्रीक कोण होते, हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला तो कायमचा.

सारगन म्हणजे कुणी सातकर्णी, हे बहुतेकांना मान्य आहे. संदनावर मात्र पानंच्या पानं खर्ची पडली. काहींनी त्यात सातवाहनांच्या वंशावळीतला सुंदर सातकर्णी पाहिला, काहींनी क्षत्रपांचा अधिकारी. पकडलेलं गलबत भडोचला जात असेल, तर ते पकडणारा भडोचवाल्यांचा असणार, हे मला सरळ दिसतं. भडोच तेव्हा क्षत्रप नहपानाकडे होतं. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचं नाव ग्रीक अक्षरांतही आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप नव्याने मारलेला आहे. नहपानाचा चेहरा आणि त्याभोवतीची ग्रीक अक्षरं त्या छापाखालून अजून डोकावतात.

ग्रीक आणि रोमन जगाशी महाराष्ट्राचं नातं सांगायचं म्हटलं की सगळे कोल्हापूरला धावतात. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात प्रा. कुंदनगारांच्या हाती काशाच्या वस्तूंचा साठा लागला. पुढे सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. त्या साठ्यातला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरही उंच नाही. पण अंगाचा डौल असा की एखाद्या भव्य पुतळ्यासमोर उभं असल्यासारखं वाटतं. मूर्ती सुंदर आहे, यात शंकाच नाही. तरीही ती इथे माल म्हणून आली. कुणीतरी ती विकत घेतली, घरात ठेवली, कदाचित तो देव कोण हे त्याला माहीतही नसेल. उलट दिशेनेही तसंच झालं. पाँपेईच्या राखेत सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखाच एक तुकडा आपल्या भोकरदनला मिळाला आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये गाडलं गेलं, म्हणजे ती बाई त्याआधीच समुद्र ओलांडून गेली होती. वस्तूंचं हे येणंजाणं मोहक आहे, पण वस्तूंना मत नसतं. मला हवी होती मत असलेली माणसं.

एक असा माणूस इथल्या किनाऱ्यावरून तिकडे गेला. निकोलस ऑफ डमॅस्कसच्या आधाराने स्ट्रॅबो सांगतो की, ऑगस्टसकडे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळातल्या झर्मनोखेगस नावाच्या माणसाने अथेन्समध्ये अंगाला तेल चोळून, हसत हसत चितेवर उडी घेतली. त्याच्या थडग्यावर तो बर्गोसाचा, म्हणजे बहुधा भडोचचा, असल्याचं कोरलं होतं. प्लुटार्कच्या काळातही अथेन्समध्ये ‘भारतीयाचं थडगं’ दाखवत असत. आयुष्य यशस्वी असतानाच संपवावं, पुढे काही वाईट घडायला नको, हे त्याने दिलेलं कारण अथेन्सकरांना चकित करून गेलं. त्यांच्याकडे स्टोइक मंडळी हाच विषय शतकानुशतकं वर्गात चर्चेला घेत होती. हा माणूस ते करून दाखवत होता.

आणि तिकडून इकडे? ‘महावंस’ म्हणतो, अशोकाच्या काळात धर्मप्रसारासाठी चारी दिशांना थेर पाठवले गेले, तेव्हा अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणात, धम्मरक्खित नावाचा योनक, म्हणजे यवन, गेला. कोकणाला बुद्धाचा उपदेश सांगणारा पहिला माणूस ग्रीक होता, असं सिंहलातल्या भिक्षूंनी नोंदवून ठेवलं आहे. कथा उशिराची आहे. पण सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. अशोकाचं शासन या किनाऱ्यापर्यंत पोचलं होतं, एवढं तरी त्याने पक्कं झालं.

कार्ल्याला मात्र कथेवर विसंबावं लागत नाही, तिथे दगड आहे. चैत्यगृहात सदतीस खांब आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर ते देणाऱ्यांची नावं आहेत. एमील सेनारने काही लेख आधी छापले होते, पण बरेचसे तसेच राहिले होते. ते माधो सरूप वत्स यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या अठराव्या खंडात आणले आणि एकामागून एक यवन समोर आले. सिहधय, यसवधन, चुलयख, धम्म. बहुतेक एकाच गावचे, धेनुकाकटचे. नावं सगळी आपली, सिंहध्वज आणि यशोवर्धन यांची बोलीतली रूपं. आणि नावाबरोबर यवन ही ओळख.

वादाला तोंड फुटलं ते इथे. डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८च्या ‘द ग्रीक्स इन बॅक्ट्रिया अँड इंडिया’त या दात्यांचा संबंध ग्रीक नगराच्या नागरिकत्वाशी जोडला. टार्न फार सुंदर लिहितात, म्हणूनच त्यांच्याबाबतीत सावध राहावं लागतं. एका शब्दावर ते अख्खं शहर उभं करतात. १९५७ मध्ये अवधकिशोर नारायण यांनी इंडो-ग्रीकांचा इतिहास हा भारताच्या इतिहासाचाच भाग असल्याचं ठासून मांडलं. यवन म्हणजे कुणीही पश्चिमेकडचा परदेशी, असं म्हणणारा तिसरा पक्षही आहे. एक आक्षेप सर्वांनाच सतावतो: नाव सिंहध्वज असेल तर माणूस ग्रीक कसा?

मला हा आक्षेप उलटा वाटतो. नाव बदललं, धर्म बदलला, दान प्राकृतात कोरलं, तरी त्या माणसाने यवन ही ओळख गाळली नाही. दगडावर प्रत्येक अक्षराची मजुरी द्यावी लागते. त्याला ती लपवायची नव्हती, आणि शेजारच्या खांबांच्या दात्यांनाही ती खुपत नव्हती. नाशिकच्या लेण्यांतही हेच दिसतं. दत्तामित्रीचा, उत्तरेकडचा योनक इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा, आपल्या धम्मरक्खित या मुलासह लेणं आणि पाण्याची टाकी कोरवतो आणि आईवडिलांच्या पुण्यासाठी ती सगळ्या दिशांच्या भिक्षूंना देतो. त्याच डोंगरात काही लेण्यांपलीकडे बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र शक, यवन, पल्हवांचा निःपात करणारा, असं ती अभिमानाने सांगते. राजघराण्याची भाषा आणि डोंगरातल्या शेजाराची भाषा इतकी वेगळी होती. जुन्नरला तर इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली आणि चिताने संघाला भोजनमंडप. यांतलं इरिल हे नाव कुठल्याही भारतीय मुळात बसत नाही.

धेनुकाकट कुठे, यावर दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९५५ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. गणिती माणूस, हार्वर्डला शिकलेला, ग्रीक-लॅटिन जाणणारा. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा संस्थेत जात-येत असे. ती गाडी बदलापूरला न थांबता आपल्या रुळांवरून जाई आणि आत तो माणूस याच वाटेवरच्या यवनांचा विचार करत बसलेला असे, ही कल्पना मला फार आवडते. काही अभ्यासक धेनुकाकट आंध्रातल्या धरणीकोटला नेत होते. कोसंबींनी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधलं. चैत्यगृहातल्या एका खांबाच्या माथ्यावर स्फिंक्स आहे आणि तो खांब धम्म-यवनाचा, हेही त्यांनी दाखवून दिलं. अलेक्झांड्रियाहून आलेली एखादी छोटी मूर्ती पाहून कारागिराने तो कोरला असावा, असा त्यांचा तर्क आहे. कार्ल्याला मी गेलो की आधी ती पंखांची आकृती शोधतो. कारागीर इथलाच, हत्ती-घोडे कोरून हात बसलेला. त्याने गिऱ्हाइकाच्या देशातलं जनावर ऐकून, बघून कोरलं. ते कोल्हापूरच्या पोसायडनइतकं देखणं नाही. पण पोसायडन तिकडे ओतला गेला आणि हा स्फिंक्स इथे, आपल्या बेसॉल्टमध्ये, एका यवनाच्या खर्चाने घडला. म्हणून मी याला जास्त मोलाचा मानतो.

कोसंबींच्या बाजूने सगळ्यात बोलका पुरावा मला शेलारवाडीचा वाटतो. तळेगावजवळच्या त्या छोट्या लेण्यात धेनुकाकटची एक दात्री आहे: सियगुतणिका, उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाची, म्हणजे शेतकऱ्याची, बायको. दूरदेशीचा व्यापारी कितीही लांबून येऊन दान देईल. पण शेतकऱ्याची बायको आंध्रातून शेलारवाडीला येऊन लेणं देईल, हे मला पटत नाही. कार्ल्यालाही याच गावचे सुतार सामी, गंधी सिंहदत्त आणि व्यापाऱ्यांचा गट दाते आहेत. सुतार, गंधी, शेतकरीण आणि यवन एकाच वस्तीचे. आणि ती वस्ती बोरघाटाच्या माथ्यावर, इंद्रायणी-पवनेच्या खोऱ्यात कुठेतरी असणार.

त्या खोऱ्यात आता द्रुतगती मार्ग, गोदामं आणि बंगल्यांच्या वसाहती झपाट्याने पसरताहेत. पायासाठी खणलेल्या मातीत सातवाहनकालीन खापरं येतात का, दुहेरी कानांच्या रोमन कुंभांचे तुकडे येतात का, हे पाहायला कुणी पुरातत्त्वज्ञ तिथे उभा राहिला पाहिजे, आणि तोही लवकर.