वर्गातला संगणक आणि मराठीची अक्षरे

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाची एक छापील प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि एक माझ्या घरी. संगणकावरची प्रत मात्र आज मला वाचता येत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका टंकलेखन केंद्रात तो प्रबंध टंकित करून घेतला होता. मध्यंतरी त्यातले एक प्रकरण एका विद्यार्थिनीला हवे होते, म्हणून जपून ठेवलेली सीडी काढली. फाइल उघडली, पण पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांची भेळ झालेली. ते केंद्र कधीच बंद पडले होते आणि त्यांनी वापरलेला फॉन्ट माझ्यापाशी नव्हता. चार वर्षांच्या श्रमांची ती फाइल शाबूत होती, तरी तिच्यात मराठीचे एक अक्षरही उरले नव्हते.

पुढे प्राथमिक शिक्षकांच्या एका कार्यशाळेत ही हकिकत सांगितली, तेव्हा निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. कोणाच्या आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका तशा झालेल्या, कोणी गावातल्या धालोची गीते उतरवून ठेवलेली ती तशी झालेली. तेव्हापासून शाळेतल्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की मी एक प्रश्न आधी विचारतो. फळा डिजिटल आहे का, इंटरनेटचा वेग किती, हे नंतर पाहू. या यंत्रात मराठीचे अक्षर नीट उमटते का आणि दहा वर्षांनी ते वाचता येईल का? भाषेच्या शिक्षकाला हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही. जे कळले पाहिजे ते व्याकरणाइतकेच सोपे आहे, किंबहुना बरेचसे व्याकरणच आहे.

फॉन्ट वेगळा, संकेत वेगळा

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर म्हणायचे हा झाला संकेत, आणि ते अक्षर पडद्यावर कसे दिसावे हे ठरवतो तो फॉन्ट. जुन्या पद्धतीत मराठीसाठी स्वतंत्र क्रमांक वापरलेच जात नसत. रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. उदाहरणार्थ, हिंदी पट्ट्यात रुळलेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’ आहे आणि ‘के’च्या जागी काना. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच असतो. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो. दोन कंपन्यांच्या फॉन्टमधली मांडणीही एकसारखी नसे. त्यामुळे एका दुकानात केलेले काम दुसऱ्या दुकानात उघडत नसे.

भारतीय लिप्यांसाठी समान संकेत असावा यासाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. आता ‘क’चा क्रमांक जगभर एकच आहे. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, पण अक्षर बदलणार नाही.

या दोन पद्धतींतला एक फरक शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. टंकलेखन यंत्राच्या धर्तीवरच्या जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ दाबावा लागे, कारण डोळ्यांना वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी, कारण उच्चार त्या क्रमाने होतो. ‘धर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘म’नंतर देत, नव्या पद्धतीत ध, र, हलन्त, म असा क्रम आहे. जुनी पद्धत अक्षराचे रूप साठवत असे, नवी पद्धत उच्चाराचा क्रम साठवते. आपण बाराखडी शिकवताना जे सांगतो तेच हे आहे.

जुन्या फायली युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. मूळ फॉन्ट कोणता हे ओळखता आले तर बहुतेक मजकूर परत मिळतो. पण वेलांटी आणि रफार यांच्या जागा बदलाव्या लागत असल्याने चुका नेमक्या तिथेच राहतात. परिवर्तनानंतर मुद्रितशोधन केलेच पाहिजे.

कळफलक कोणता?

बहुतेक विद्यार्थी मोबाइलवर रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवतात. घाईच्या निरोपाला ते ठीक आहे. भाषा शिकण्याच्या वयात मात्र त्यात धोका आहे. रोमनमध्ये ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांना वेगळी अक्षरे नाहीत. मुलाने ‘के-ए-एल’ दाबले की यंत्र कल, काल, कळ, काळ असे पर्याय मांडते आणि मूल पहिल्यावर बोट ठेवते. वेल आणि वेळ, माल आणि माळ, दिन आणि दीन यांतला भेद त्याच्या हाताला कधी कळतच नाही. निवड यंत्र करते, मूल फक्त मान्यता देते.

आमच्या गोव्यात याला आणखी एक पदर आहे. गावांची रोमन रूपे पोर्तुगीज वळणाची आहेत. साखळी, डिचोली, वाळपई, केपे, काणकोण ही नावे पाटीवरच्या रोमन स्पेलिंगप्रमाणे दाबली तर भलतेच काही उमटते. साखळीचे शासकीय स्पेलिंग जसेच्या तसे घातले तर ‘सांक्वेलिम’च्या जवळचे काहीतरी पुढे येते. स्वतःच्या गावाचे नाव आपल्या लिपीत लिहिण्यासाठी मुलाने परक्या लिपीतून आणि वर परक्या वर्णरचनेतून का जावे?

याला पर्याय म्हणजे इन्स्क्रिप्ट कळफलक. तो १९८६ पासून आहे आणि संगणकात व मोबाइलमध्ये विनामूल्य मिळतो. त्याची रचना वर्णमालेवर आधारलेली आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. ‘के’च्या कळीवर क, तीच शिफ्टसह दाबली की ख. ‘आय’वर ग आणि घ. ‘एन’वर ल आणि ळ. अल्पप्राण-महाप्राण जोड्या एका कळीवर असल्याने वर्गातले वर्णविचाराचे तास बोटांना आठवतात. जोडाक्षरासाठी ‘डी’वर हलन्त आहे. ‘स्त्री’ लिहायचे तर स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी फोड करावीच लागते. ज्याला फोड येत नाही त्याला शब्द उमटवता येत नाही, आणि शिक्षकाला चूक कुठे आहे ते लगेच दिसते.

शिवाय हीच रचना कोंकणीला चालते, हिंदीला चालते, आणि कन्नड व तेलुगू लिप्यांनाही त्याच जागी तीच व्यंजने आहेत. गोवा, बेळगाव किंवा हैदराबाद इथल्या मराठी मुलाला दोन-तीन भाषा लिहाव्याच लागतात. एकदा शिकलेली बोटे त्याला सगळीकडे उपयोगी पडतात. पहिले दोन-तीन आठवडे वेग मंदावतो हे खरे. मीही वैतागलो होतो. रोज पंधरा मिनिटे एक परिच्छेद उतरवण्याचा नेम केला, आणि महिनाभरात खाली पाहण्याची गरज उरली नाही.

यंत्राची परीक्षा

शाळेत नवे यंत्र आले की मी शिक्षकांना त्यावर एक वाक्य लिहून पाहायला सांगतो: ‘वाङ्मयाच्या तासानंतर ॲना ऑगस्टच्या पावसात दऱ्या ओलांडून दर्याकडे जाणाऱ्या शाळकरी मुलांना भेटली.’ वाक्य साहित्यगुणांसाठी रचलेले नाही. त्यातले प्रत्येक शब्द ही एक कसोटी आहे.

दर्या आणि दऱ्या यांत अर्थाचा भेद आहे, तसाच आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत. हा अर्धा ‘र’ मराठीची खूण आहे. युनिकोडमध्ये तो ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहावा. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ मिळतो. साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही तसेच रूप दिसते, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. मग एका पद्धतीने लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत असत. दिसायला दोन्ही सारखे असले तरी शोधताना फसवतात.

‘वाङ्मय’ हा शब्द तर आपल्याच निमंत्रणपत्रिकांवर ‘वाड्मय’ असा छापलेला मी अनेकदा पाहिला आहे. टंकणाऱ्याला ‘ङ’ सापडत नाही, म्हणून तो ‘ड’वर भागवतो. ‘ङ’ इन्स्क्रिप्टमध्ये ‘यू’च्या कळीवर शिफ्टसह आहे. एवढे ठाऊक असते तर ती चूक झाली नसती.

याच वाक्यातल्या ‘शाळकरी’ आणि ‘मुलांना’ या शब्दांत ‘श’ आणि ‘ल’ यांची वळणे पाहावीत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ मराठीसाठी प्रमाण धरले आहेत. पुष्कळ यंत्रांत मात्र हिंदी वळणाची रूपे दिसतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की योग्य ते वळण आपोआप येते. म्हणून यंत्र हाती आल्यावर भाषेच्या यादीत मराठी निवडावी. तिथे नुसती हिंदी असेल तर शुद्ध मराठी शब्दांखालीही तांबडी रेघ उमटते, आणि ती पाहून मुले शुद्ध शब्द अशुद्ध करतात.

दाखवणारे यंत्र आणि लिहिणारे यंत्र

शाळांत आलेले बरेचसे तंत्रज्ञान दाखवण्यासाठी आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावर अनेक भाषांतले साहित्य आहे, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर संकेतावर मोबाइल धरला की ध्वनिचित्रफीत उघडते. ते उपयोगाचेच आहे. पण खाजन शेती, कुळागर, मानस, सरद आणि वायंगण यांच्यावरचा पाठ दुसरीकडून येणार नाही. तो इथल्याच शिक्षकाला आणि मुलांना लिहावा लागेल. तंत्रज्ञानाचा खरा लाभ लिहिणाऱ्याला आहे.

कोणत्याही शाळेत जमेल असा एक उपक्रम सांगतो. प्रत्येक मुलाने घरच्या वडीलधाऱ्यांकडून शेती, स्वयंपाक, मासेमारी, सण यांतले दहा शब्द अर्थासह आणावेत आणि वर्गातल्या एकाच यादीत टंकावेत. वीस मुलांचा वर्ग असेल तर दोनशे नोंदी होतात. मग संगणकाला ही यादी अकारविल्हे लावायला सांगावी. इथे खरी गंमत सुरू होते. निव्वळ संकेतक्रमाने लावल्यास ‘ज्ञ’ने सुरू होणारे शब्द ‘ज’च्या शेवटी आणि ‘झ’च्या आधी येतात, ‘क्ष’चे शब्द ‘क’मध्ये जातात, आणि ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या पाठोपाठ बसतो. मुले विचारतात, आपल्या तक्त्यात तर हे शेवटी आहेत! क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र वर्ण मानावे की जोडाक्षरे, याबाबत कोशकारांमध्येही एकवाक्यता नाही. त्या तासाला वर्णमालेवर जी चर्चा होते, ती नुसत्या तक्त्यावरून कधी होत नाही.

यंत्राला आधार कोणाचा?

शेवटचा मुद्दा यंत्राच्या देखभालीचा. यंत्र एकदा मिळते, देखभाल रोज लागते. प्रक्षेपक बिघडला, परवलीचा शब्द ठाऊक असलेल्या शिक्षकाची बदली झाली, की कपाटाला कुलूप लागते. मग तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघतो, आणि दोष बहुधा शिक्षकाच्या माथी मारला जातो. ज्याला शिकवलेच नाही त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

मोठ्या निधीवाचून होण्यासारख्या चार गोष्टी आहेत. प्रत्येक शाळेत किमान दोन शिक्षकांना कळफलक आणि युनिकोड यांची ओळख असावी, म्हणजे एकाची बदली झाली तरी काम थांबत नाही. शाळेचा सर्व नवा मजकूर युनिकोडमध्येच करावा, आणि बाहेर टंकायला दिला तर तशी अट घालावी. छापण्यासाठीच्या पीडीएफसोबत संपादन करता येईल अशी मूळ फाइलही मागून घ्यावी, कारण पीडीएफमधून देवनागरी मजकूर उचलला की तो पुष्कळदा विस्कटतो. आणि प्रत्येक महत्त्वाची फाइल दोन ठिकाणी ठेवावी. वर्गातल्या दोन-तीन चुणचुणीत मुलांना मदतनीस नेमले तर शिक्षकाचा भार हलका होतो आणि मुलांना जबाबदारी कळते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांची संख्या आणि पट हा आपल्या सर्वांच्या काळजीचा विषय आहे. मुलगा शाळेत मराठी लिहितो आणि यंत्रावर दुसरीच भाषा लिहितो, असे झाले तर शाळा संपताच त्याचे मराठी लेखनही संपते. पुढे नोकरीत, व्यवहारात त्याचे बहुतेक लेखन यंत्रावरच व्हायचे आहे. त्याच्या बोटांना मराठी येत असेल तर ती त्याच्यासोबत जाईल.

माझा प्रबंध मी आता छापील प्रतीवरून पुन्हा टंकतो आहे, रोज दोन पाने. तिसरे प्रकरण चालू आहे. जुन्या फायली अजून उघडत असतील त्या शिक्षकांनी मात्र ही वेळ येऊ देऊ नये. फॉन्ट संगणकात आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात.