शर्यतीचे टायर : ऐकीव समजुती आणि वस्तुस्थिती

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात शर्यतीची हौस नवी नाही. ओहोटीने उघड्या पडलेल्या पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती येथे पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. मात्र या पट्ट्यातील ज्या तरुणाला बैलांऐवजी मोटार पळवावीशी वाटते, त्याला घराजवळ जागा नाही. गो-कार्टचा सराव करावयाचा तर कोल्हापूरसारखे ठिकाण गाठावे लागते आणि खऱ्या मोटारीची शर्यत करावयाची तर कोइम्बतूरजवळील करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टई किंवा थेट ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट येथवर मजल मारावी लागते. पदरचा पैसा आणि नोकरीतली रजा खर्चून एवढ्या दूर जाणाऱ्या हौशी चालकाच्या जमाखर्चात पुन्हापुन्हा येणारी मोठी रक्कम टायरांची असते, आणि नेमक्या याच बाबतीत तो शेजारच्या गाडीवाल्याच्या ऐकीव सल्ल्यावर विसंबतो, हे पाहून मनाला खेद होतो. गाडी आणि जमीन यांच्यामध्ये तळहाताएवढ्या रबराच्या चार पट्ट्यांखेरीज दुसरे काहीही नसते. तेव्हा त्यांविषयीचे ज्ञान तरी पारखून घेतलेले असावे.

सर्वांत हट्टी समजूत अशी की, हवा जितकी कमी, तितकी पकड जास्त. तिच्यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ती टिकली आहे. पुढच्या चाकावर २८० किलो भार असेल आणि टायरात दर चौरस इंचाला ३० पौंड हवेचा दाब असेल, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने १३० चौरस सेंटिमीटर भरतो. हवा २४ पौंडांवर आणली तर तो १६५ च्या घरात जातो. परंतु हे गणित गाडी उभी असतानाचे आहे. वेगाने वळण घेताना भार बाहेरच्या चाकावर लोटला जातो, हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत वाकते, नक्षीचा मधला पट्टा आपला वाटा उचलत नाही आणि सारा ताण कडेच्या खांद्यावर येतो. तो खांदा तापतो, झिजतो, आणि चालकाने स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिराने उत्तर देऊ लागते. हवा अतिशय कमी असेल तर टायरची कड रिमवरून सुटण्याचाही धोका असतो. प्रत्येक टायरला, प्रत्येक गाडीच्या वजनाबरहुकूम, एक अनुकूल दाब असतो; त्याच्या खाली गेले तरी पकड घटते आणि वर गेले तरी घटते. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा तो अनुकूल दाब नव्हे. ती केवळ कमाल मर्यादा होय.

आता प्रश्न उरतो तो हा की, हा दाब मोजावयाचा केव्हा? बहुतेक हौशी चालक सकाळी, गाडी थंड असताना, पंपावर किंवा पिटमध्ये हवा मोजतात आणि तोच आकडा मित्रांना सांगतात. वस्तुतः शर्यतीत अर्थ आहे तो गरम दाबाला, म्हणजे टायर पुरता तापून पाच-सहा फेऱ्या झाल्यावरच्या दाबाला. बंदिस्त हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हा शाळेत शिकलेला नियम येथे तंतोतंत लागू पडतो. फक्त गेजवरील आकड्यात वातावरणाचे १४.७ पौंड मिळवण्यास विसरू नये. ३० अंश सेल्सिअसला २६ पौंड भरलेली हवा आतून ८० अंशांपर्यंत तापली, तर गेज सुमारे ३२.७ दाखवतो. जवळजवळ सात पौंडांची ही वाढ चालकाने काहीही न करता झालेली असते. म्हणून जाणता चालक आधी इष्ट गरम दाब ठरवतो आणि त्यावरून उलट हिशेब करून सकाळचा थंड दाब काढतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे अधिक असल्याने डाव्या बाजूचे टायर अधिक तापतात. चारही चाके गरमपणी एका आकड्यावर यावीत अशी इच्छा असेल, तर थंडपणी डावीकडे थोडी कमी हवा ठेवावी लागते. गाडी पिटमध्ये एका अंगाने उन्हात उभी असेल तर त्या बाजूचा दाब सावलीतल्या बाजूपेक्षा पौंड-दीड पौंडाने चढलेला आढळतो, आणि ही बारीकशी गोष्ट नोंदवहीत लिहून ठेवली नाही तर दिवसभराची सारी मोजमापे फसवी ठरतात.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने याहून एक गोष्ट अधिक ध्यानात धरावी. आपली हवा दमट आहे. ती कॉम्प्रेसरने दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. अलिबाग ते वडखळ रस्त्यावरील कोणत्याही टायरवाल्याने टाकीखालची तोटी पावसाळ्यात उघडली की गंजाने तांबूस झालेले पाणी फुसफुसत बाहेर पडते. ती तोटी जेथे उघडली जात नाही, तेथे तेच पाणी नळीवाटे टायरात जाते. साधारण मोटारीच्या टायरात ३५ लिटर जागा धरली, तर ८० अंशांना तेवढी जागा बाष्पाने संपृक्त होण्यास अवघे १० ग्रॅम पाणी, म्हणजे चहाचे दोन चमचे, पुरते, आणि त्या बाष्पामुळे नेहमीच्या वाढीखेरीज आणखी सहा पौंडांपर्यंत दाब चढू शकतो. एका टायरात पाणी आहे आणि दुसऱ्यात नाही, अशी स्थिती असेल तर गाडी तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर एकाएकी वेगळी वागू लागते, आणि चालक बिचारा सस्पेन्शनला दोष देत बसतो.

नायट्रोजनविषयीचा गैरसमज येथेच निकालात निघतो. नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. साधी हवाच मुळी ७८ टक्के नायट्रोजन असते, आणि कोरडी हवा व नायट्रोजन हे दोन्ही तापल्यावर सारख्याच प्रमाणात फुगतात. नायट्रोजनचा लाभ आहे तो तो कोरडा मिळतो यात. टाकीतले पाणी रोज काढणारा आणि हवा सुकवणारे फिल्टर बसवणारा टायरवाला सापडला, तर शर्यतीपुरते तेवढे पुष्कळ झाले.

दाबाच्या खालोखाल तापमानाचे मोजमाप येते आणि त्यातही असाच घोटाळा आढळतो. दुरून मोजणारे इन्फ्रारेड यंत्र स्वस्त व सोयीचे असले तरी ते केवळ पृष्ठभाग पाहते, आणि पृष्ठभाग पिटमध्ये येईपर्यंतच्या संथ फेरीत झपाट्याने निवतो. रबराच्या पोटातली हकीकत कळावयाची असेल तर सुईचा तापमापक हवा. त्याची सुई दोन-तीन मिलिमीटर आत रोवून, गाडी थांबताक्षणी, प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी, दरवेळी त्याच क्रमाने आकडे घ्यावेत. मध्य दोन्ही कडांहून तप्त असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा तप्त असतील तर कमी आहे, हा सामान्य नियम खरा. मात्र तिन्ही आकडे समान आलेच पाहिजेत हा आग्रह अनाठायी होय; कारण चाके वरच्या बाजूने आत कलती ठेवली, ज्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात, तर सरळ रस्त्यावर आतल्या कडेवर भार राहणारच आणि ती काही अंशांनी अधिक तापणारच. ती फार तापली आणि आतूनच नक्षी खाल्ली जाऊ लागली, तर कॅम्बर किंवा चाकांचे अलाइनमेंट तपासावे.

झिजेविषयी तर सर्वसामान्य समजूत वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. खोल नक्षी म्हणजे चांगली पकड, असे आपण मानतो, आणि कोकणच्या पावसात राहणाऱ्याने तसे मानणे स्वाभाविकच आहे. परंतु नक्षीचे प्रयोजन पाणी बाजूला सारणे हे आहे. कोरड्या ट्रॅकवर तेच उंच, सुटे ठोकळे वळणात डुलतात, एकमेकांवर घासून तापतात आणि त्यांच्या कडा फाटतात. म्हणून रस्त्याच्या टायरांवर धावणाऱ्या वर्गांत काही स्पर्धक नवा टायर यंत्रावर तासून नक्षी कमी करून घेतात. अर्धा झिजलेला टायर नव्याहून कोरड्यात जलद धावतो, हा अनुभव त्यामुळेच येतो. याचा अर्थ झिजलेला टायर अनंतकाळ उपयोगी असा मात्र नव्हे. वारंवार तापून निवल्याने रबर कठीण होत जाते, आणि नक्षी शाबूत असतानाही पकड निघून गेलेली असू शकते. नखाने दाबून ते कळत नाही, त्यासाठी कठिणता मोजणारे छोटे यंत्र मिळते. पृष्ठभागावर रबराचे दाणे लोळून आले असतील तर बहुधा टायर पुरेसा तापण्याआधीच त्यावर जोर पडला, आणि फोड आले असतील तर आतून अतिताप झाला, असे समजावे. वापरलेला संच विकत घेताना नक्षीबरोबर भिंतीवरील चार अंकी आकडाही वाचावा: २३२३ असे असेल तर तो टायर २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. खाऱ्या, उष्ण वाऱ्याच्या पडवीत वर्षभर उन्हात पडलेल्या टायरची ही तारीख कितीही अलीकडची असली तरी तिच्यावर विसंबू नये.

टायरवरील ट्रेडवेअर या आकड्याचाही असाच अनर्थ होतो. २०० चा टायर ४०० च्या टायरच्या दुप्पट पकड देतो, असे त्या आकड्यावरून मुळीच निघत नाही. ही अमेरिकी पद्धत झीज मोजते, पकड नव्हे. प्रमाण टायरला १०० धरून सुमारे ११,६०० किलोमीटरच्या रस्त्यावरील चाचणीतून तुलना होते आणि अंतिम आकडा निर्माता स्वतःच जाहीर करतो. दोन कंपन्यांच्या २०० मध्ये म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते.

मग टायर पारखावा कसा? एका फेरीची सर्वोत्तम वेळ हा पुरावा मानणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सकाळी धुळकट असलेला ट्रॅक दुपारपर्यंत गाड्यांच्या रबराने माखतो आणि आपोआप जलद होतो. २० लिटर पेट्रोल जळले की गाडी १५ किलो हलकी होते. चालकाचा हातही बसतो. सकाळी जुना आणि दुपारी नवा टायर लावून नव्याचे गुणगान करणे म्हणजे या साऱ्यांचे श्रेय टायरच्या नावे जमा करणे होय. खरी पद्धत अशी की आधी पहिला संच, मग दुसरा, आणि पुन्हा पहिला लावावा, तोच चालक, तेवढेच पेट्रोल, तोच गरम दाब ठेवावा. पहिल्या संचाच्या दोन्ही खेपांतील फरक म्हणजे ट्रॅकमध्ये झालेला बदल, आणि तो हिशेबात धरून जे उरेल तेच दुसऱ्या संचाचे. शिवाय पहिली फेरी आणि दहावी फेरी यांच्या वेळांतले अंतर लिहून ठेवावे, कारण दहा फेऱ्यांच्या शर्यतीत दोन फेऱ्यांपुरता झगमगणारा टायर कामाचा नाही. नक्षीची खोली प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजून शंभर किलोमीटरमागे किती झीज झाली हे काढले, की पुढच्या हंगामाच्या खर्चाचा अंदाज घरबसल्या करता येतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांत वळणे, ओढणे आणि ब्रेकचा बहुतांश भार पुढच्याच टायरांवर असतो. तेव्हा त्यांची व मागच्यांची अदलाबदल करण्याची वेळ हीच नोंदवही सांगते.

आणखी एक समजूत खास आपल्या किनाऱ्याची: नागाव, काशीद, मुरूड येथील ओल्या, घट्ट वाळूवर गाडी पळवून टायरची परीक्षा करता येते. वाळूवर वेग गाठण्याचे प्रयोग जगात झाले आहेत. सर माल्कम कॅम्बेल यांनी वेल्समधील पेंडाइनच्या आणि पुढे अमेरिकेतील डेटोनाच्या वाळूच्या किनाऱ्यावर विक्रम केले. परंतु १९३५ च्या मार्चमध्ये डेटोनाला ताशी २७६ मैल गाठल्यावर त्यांनी त्याच वर्षी ३०० मैलांसाठी किनारा सोडून बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानाची वाट धरली. वाळूवर रबर तापत नाही, तिची घट्टता चार पावलांवर बदलते आणि डांबराच्या ट्रॅकविषयी ती काहीही सांगत नाही. भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाड्या, किनाऱ्यावर फिरणारी माणसे व मुले, आणि वाहनांना असलेली मनाई यांचा विचार केला तर ही परीक्षा निरर्थकच नव्हे तर अपायकारक आहे.

शेवटी परतीच्या प्रवासाविषयी. ट्रॅकवर गरमपणी हवा सोडून ती ३३ वरून ३० पौंडांवर आणलेली असते. संध्याकाळी टायर ३० अंशांपर्यंत निवला की त्यात २४ पौंडांहूनही कमी उरते. त्याच टायरांवर कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून महाड, माणगाव, कोलाड, नागोठणे असा महामार्ग पावसात पार करावयाचा असतो. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला आहे, हे अमेरिकेच्या नासा संस्थेतील विमानांच्या टायरांवरील संशोधनातून निघालेले सूत्र आहे. त्या हिशेबाने ३२ पौंडांना हा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या, तर २४ पौंडांना ८२ च्या आसपास येतो, आणि नक्षी तासलेली वा झिजलेली असेल तर पाण्याला निघून जाण्यास वाटच नसते. कायद्याची किमान १.६ मिलिमीटर खोली आपल्या आषाढातल्या सरींसाठी फार तोकडी आहे. म्हणून रस्त्याचा संच वेगळा ठेवावा. ते परवडत नसेल तर ट्रॅक सोडण्यापूर्वी, टायर पुरते निवल्यावर, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा चारही चाकांत भरून घ्यावी आणि नक्षी मोजूनच निघावे.