संगणकी हुकुमाचा अन्वय

कोल्हापूरच्या श्री शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यांची नोंद एखाद्या अडत्याने खतावणीऐवजी संगणकाच्या दफ्तरात ठेवली आहे, आणि क्विंटलला ३००० ते ४००० रुपयांच्या दरम्यान ज्यांचा भाव लागला नाही असे सौदे तेवढे निवडून दाखवावेत, असा हुकूम त्याच्या कारकुनाने त्या दफ्तराला केला आहे, असे क्षणभर धरून चालू. या हुकुमाची भाषा एसक्यूएल. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या सिद्धांताच्या पायावर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९७४ साली तिची मूळ रचना सिद्ध केली. कारकुनाने अट लिहिली ती अशी: 'नॉट भाव बिटवीन ३००० अँड ४०००'. जगभर वापरल्या जाणाऱ्या मायएसक्यूएल या प्रणालीच्या ५.०.२ पूर्वीच्या आवृत्त्यांत या अटीचे फलित एकच निघे, ते म्हणजे कोरी यादी. मग यार्डात ४५०० च्या भावाचे कितीही रवे विकले गेलेले असोत.

हा दोष गणिताचा नव्हता, साठवणुकीचाही नव्हता. तो व्याकरणाचा होता. हुकूम आला की त्याचे शब्द प्रथम सुटे केले जातात, आणि कोणते पद कोणाशी संबद्ध आहे याचा अन्वय मग पार्सर लावतो. जुन्या पार्सरने 'नॉट'ची पकड 'बिटवीन'हून घट्ट मानल्यामुळे तो नकार सबंध विधानाला न लागता केवळ शेजारच्या 'भाव' या पदाला लागला. शून्येतर संख्येचा तार्किक नकार शून्य, या नियमाने ४५०० चे शून्य झाले, ३५०० चेही शून्यच झाले, आणि शून्य ३००० व ४००० यांच्या दरम्यान येत नाही. सबब प्रत्येक सौदा बाद. मला यात सर्वांत भयावह वाटते ते हे की संगणकाने कोठेही तक्रार केली नाही. हुकूम व्याकरणशुद्ध होता, उत्तरही नियमाबरहुकूम होते, आणि तरीही ते असत्य होते.

दुरुस्तीचे स्थान पार्सरच्या व्याकरणाच्या फायलीत असते. तेथे चिन्हांची एक उतरंड लिहिलेली असून, यादीत जे खाली त्याची पकड अधिक घट्ट, असा तिचा संकेत आहे. 'नॉट'ला 'बिटवीन'च्या वर नेऊन बसविले की तो सबंध विधानाला लागतो. परंतु जुन्या अर्थावर विसंबून लिहिलेले असंख्य हुकूम जगभरच्या दफ्तरांत चालू होते, आणि त्यांचा अर्थ एका रात्रीत पालटणे हा अन्यायच ठरला असता. म्हणून ज्यांना जुनीच रीत हवी त्यांच्यासाठी एक स्वतंत्र विकल्प ठेवण्यात आला, ज्यात शब्द सुटे करणारा विभाग तोच 'नॉट' पार्सरच्या हाती वेगळ्या संज्ञेने देतो आणि ती संज्ञा उतरंडीत खालीच राहते. व्याकरणाचा एकही नियम न मोडता दोन्ही अर्थ नांदविणारी ही योजना मला फार सुंदर वाटते.

वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या मराठी भाषांतरातून ज्यांनी पतंजलींचे महाभाष्य वाचले असेल, त्यांना नियमांच्या उतरंडीचा हा विचार परका वाटणार नाही. महाभाष्य जिच्यावरचे भाष्य, त्या पाणिनीच्या सुमारे ४००० सूत्रांच्या अष्टाध्यायीत तुल्यबल नियमांचा विरोध आल्यास नंतरचा नियम बलवत्तर मानावा, अशी व्यवस्था पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात आहे, निदान परंपरेने तिचा अर्थ तसा लावला आहे. संगणकभाषांची व्याकरणे ज्या बॅकस पद्धतीने लिहितात तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ साली केली होती, ती मला सर्वथा न्याय्य वाटते.

'बिटवीन'मधला 'अँड' हा आणखी एक पेच आहे, कारण तोच शब्द दोन स्वतंत्र अटी जोडण्यासही योजतात. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीच्या व्याकरणात यावर उपाय असा की 'बिटवीन' आणि त्याचा 'अँड' यांच्या मध्ये कंसाविना केवळ मर्यादित स्वरूपाचे पद मान्य होते, ज्यात अटी जोडणारा 'अँड' येऊच शकत नाही.

सहकारी संस्थांतून, बँकांतून आणि कारखान्यांतून असे हुकूम लिहिणाऱ्या कोल्हापूरकरांना विनंती एवढीच, की नकाराची अट कंसात घालावी किंवा 'भाव नॉट बिटवीन' अशा निःसंदिग्ध क्रमाने लिहावी, आणि ज्याचे उत्तर हाताने काढता येते अशा दहावीस नोंदींवर ती आधी पडताळून पाहावी.