शरदऋतूतील सह्याद्री

आपल्या पूर्वजांनी दीर्घायुष्याचा आशीर्वाद देताना शंभर शरदांची कामना केली, शंभर उन्हाळ्यांची नव्हे. तरीही प्रवासाचा विषय निघाला म्हणजे आपल्या कुटुंबांत मे महिनाच प्रथम डोळ्यांपुढे येतो. मुलांच्या परीक्षा आटोपतात, सोलापूरचे ऊन असह्य होते, आणि जो तो महाबळेश्वरची वाट धरतो. त्या दिवसांत डोंगर करपलेले व ओढे आटलेले असतात. फुललेला असतो तो केवळ बाजार. ज्यांस पर्वत खरोखरीच पाहावयाचा आहे, त्यांनी तो आश्विन-कार्तिकात पाहावा, एवढे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सोलापूरकरांस या प्रवासाचे एक निराळेच प्रयोजन आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि आपल्या वाट्यास उरलासुरला पाऊस येतो. सोलापुरात वर्षाकाठी जेवढा पाऊस पडतो, त्याच्या निदान सातपट एकट्या महाबळेश्वरास पडतो. परंतु निसर्गाने ही उणीव दुसऱ्या हाताने भरून काढली आहे. भीमाशंकरच्या रानात उगम पावलेली भीमा आपल्या जिल्ह्यातून वाहते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात तिचेच पाणी अडविलेले आहे, आणि आपल्या घरातील माठातही बव्हंशी तेच असते. घाटमाथ्यावरील झाडे व माती पावसाला थोपवून धरतात, म्हणून नद्या पावसाळा संपल्यावरही वाहत्या राहतात. ज्या घरी पाण्याची पाळी चार-चार दिवसांनी येते, त्या घरच्या मुलांनी हे रान एकदा तरी पाहिलेच पाहिजे.

प्रथम कासचे पठार घ्या. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर हा जांभ्या दगडाचा सडा पसरला आहे. त्यावर माती इतकी थोडी की मोठे झाड उभे राहू शकत नाही. तथापि येथे ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. तेरड्याचा गुलाबी गालिचा व पांढरे गेंद सर्वांच्या नजरेत भरतात. चिकित्सक वाचकाने मात्र जरा खाली वाकून दवबिंदू व सीतेची आसवे ही दोन इवलीशी झाडे शोधावीत. या मातीत नत्र अत्यल्प असल्यामुळे ती सूक्ष्म कीटकांवर आपली गरज भागवितात. पहिले पानांवरील चिकट थेंबांनी कीटक पकडते, तर दुसरे ओल्या मातीत दडलेल्या बारीक पिशव्यांनी. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच बहरते. हा बहर भाद्रपदापासून आश्विनाच्या आरंभापर्यंतच टिकतो.

कासचा बहर ओसरू लागतो, त्याच सुमारास चांदोलीचे दार उघडते. सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवरील हे रान १९८५ साली अभयारण्य व २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर आहे. २०१० साली कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. येथे गवे, सांबर, अस्वले व शेकरू आहेत. २०१८ साली स्वयंचलित कॅमेऱ्याने येथे वाघाचे छायाचित्रही टिपले. तथापि वाघ दिसेलच या आशेने जाणारा बहुधा हिरमुसून परततो. वारणेच्या जलाशयाचा निळा विस्तार, झोळंबीचा सडा आणि दऱ्यांतून वर येणारे धुके पाहावयास जाणारा मात्र तृप्त होऊन येतो.

या शोभेची किंमत कोणी दिली, हेही मुलांस सांगणे अवश्य आहे. धरण व अभयारण्य यांसाठी येथील गावे उठविण्यात आली. जेथे शेते होती तेथे आज गवत वाढले आहे व त्यावर गवे चरतात. उठलेल्या कुटुंबांपैकी अनेकांस पुनर्वसनाच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. त्यांनी घर सोडले तेथे आपण घटकाभर पाहुणे म्हणून जातो, याचे भान सुटता कामा नये.

प्रवास फारसा अवघड नाही. पंढरपूर, सांगोला, मिरज या मार्गाने आगगाडीने अथवा मोटारीने जाऊन पुढे शिराळ्याकडे वळावे. एकेकाळची बार्शी लाईटची चिमुकली गाडी जाऊन त्या मार्गावर आता रुंद रूळ आले आहेत. प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी लागते. तिची व कासच्या प्रवेशाची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. पहाटे व सायंकाळी गारवा असतो, तेव्हा प्रत्येकास एक सोलापुरी चादर बरोबर असावी. फराळाचा डबा पितळी वा स्टीलचा न्यावा. कागदाचा कपटाही मागे टाकू नये, फुले तोडू नयेत व सड्यावर पायवाट सोडून चालू नये. तेथील बोटभर माती तयार व्हावयास शतके लागलेली असतात.

दिवाळीच्या खर्चातून थोडी काटकसर केली, तर मध्यम स्थितीतील कुटुंबासही हा प्रवास सहज झेपेल. नळाला पाणी आले म्हणजे ते कोठून आले हे ज्या मुलास ठाऊक आहे, तो ते वाया घालविताना क्षणभर तरी थांबेल.