हप्त्याची यादी उघडली, पुढे काय?

पासवर्डचं लिहीन असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मध्येच निमगाव केतकीहून एका वाचकाचा फोन आला आणि त्यांचा प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही.

हे गृहस्थ डाळिंबाच्या पॅकिंगवर कामाला जातात, घरची थोडी जमीन आहे. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पीएम किसान यादी' नावाची फाईल आली. पाठवणारा रोज भेटणारा माणूस, म्हणून त्यांनी ती उघडली. फोनने दोन-तीनदा परवानगी मागितली, त्यांनी दिली. यादी काही दिसली नाही. संध्याकाळी पुतण्याने पाहिलं आणि म्हणाला, "काका, ह्याच्या शेवटी एपीके लिहिलंय!" त्यांनी फोन बंद केला आणि शेजाऱ्याच्या फोनवरून मला विचारलं, "बंद केलाय, म्हणजे सुटलो ना?"

नाही. फोन चालू करताच त्या फाईलमधलं अ‍ॅप पुन्हा कामाला लागतं. यादी म्हणजे पीडीएफ किंवा फोटो. एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप. ते प्ले स्टोअरमधून आलेलं नसतं, म्हणून फोन आधी सावध करतो. हप्त्याच्या घाईत आपण ती सूचना बाजूला सारतो. मग अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि खरी मेख इथे आहे. बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही वाचायच्या आत चोरट्याकडे पोचलेला असतो. तुम्ही कोणाला ओटीपी सांगितलेलाच नसतो, तरी पैसे जातात. बऱ्याचदा अ‍ॅपचं चित्रही पडद्यावरून गायब होतं.

आणि तो ओळखीचा पाठवणारा? त्याच्यावर रागावू नका. बहुतेक वेळा त्याचंच व्हॉट्सअ‍ॅप चोरट्याच्या हाती गेलेलं असतं, त्याला पत्ताही नसतो. नंबर ओळखीचा, फाईल परक्याची.

आमिष पीएम किसानचंच का, हेही उघड आहे. २०१९ पासून वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचेही तेवढेच. हप्ता जवळ आला की घरोघरी एकच चौकशी, 'आपलं नाव आहे का?' त्याच दिवसांत ही फाईल फिरवली जाते. योजनेची खरी माहिती सरकारी संकेतस्थळावर मिळते, ती कोणी ग्रुपवर एपीके करून वाटत नाही.

त्यांना मी सांगितलेला क्रम असा. फोन बंदच ठेवा आणि आधी सिम काढा, म्हणजे पुढचे ओटीपी त्या फोनवर येणार नाहीत. शेजाऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळण्याआधी अडवायचे, तर तासाचा उशीरही महाग पडतो. हे झाल्यावर फोन सिमशिवाय चालू करा, लगेच एरोप्लेन मोड लावा, वाय-फाय बंद आहे ना पाहा आणि सेटिंगमध्ये अ‍ॅपची पूर्ण यादी काढा.

त्यांच्या यादीत अगदी खाली बिनचित्राचं, बिननावाचं एक अ‍ॅप सापडलं. 'अनइन्स्टॉल'चं बटण फिकं पडलेलं, दाबलं जाईना. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' शोधून त्याचा अधिकार काढला, तेव्हा कुठे ते निघालं. तरी मी फोटो उतरवून फोन पूर्ण रीसेट करायला लावला. काढलेल्या अ‍ॅपने आणखी काय ठेवलं असेल, ह्याची खात्री घरबसल्या देता येत नाही. सिम परत घातल्यावर, कॉल कुठे परस्पर वळवलेले असतील तर म्हणून, ##००२# लावून कॉल फॉरवर्डिंग रद्द केलं. फोन कोरा झाल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप नव्याने चालू करावं लागलं. ते करताच 'लिंक्ड डिव्हाइस' पाहिले, कोणी अनोळखी जोडलेलं नव्हतं.

निमगावच्या पानमळेवाल्यांना वेगळं सांगायला नको, न फिरवलेली पानं सडतात. अ‍ॅपची ती यादीही महिन्यातून एकदा अशीच खालपर्यंत चाळावी, आणि मेसेज वाचायची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते बघावं. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे मेसेज कशाला हवेत?

काकांचे पैसे वाचले. ओटीपीचा मेसेज यायच्या आधीच पुतण्याची नजर पडली होती. ग्रुपवर ती फाईल मात्र अजून तशीच होती. मी त्यांना आधी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फोन करून ती सर्वांसाठी डिलीट करायला सांगितलं, आणि मग पाठवणाऱ्याच्या घरी जायला.