पंधराव्या वर्षींची अजिंक्य टेनिसपटु : लॉटी डॉड



विंबल्डनच्या टेनिस-सामन्यांचें नांव ज्यांनीं ऐकलें नाहीं असे क्रीडाप्रिय लोक आपल्याकडे विरळाच आढळतील. परंतु त्या स्पर्धेंतील स्त्रियांचें एकेरीचें अजिंक्यपद सर्वांत लहान वयांत कोणीं मिळविलें, असा प्रश्न केला तर अलीकडच्या काळांतील एखाद्या खेळाडूचें नांव बहुतेकांच्या ओठांवर येईल. वस्तुतः तो मान १८८७ सालीं एका इंग्रज मुलीनें मिळविला आणि अद्यापि तो तिच्याकडेच आहे. तिचें नांव शार्लट डॉड. लोक तिला लॉटी म्हणत. अजिंक्यपद मिळालें त्या दिवशीं तिचें वय पंधरा वर्षें व २८५ दिवस इतकें होतें.

केवळ वयाचा हा विक्रम सांगून थांबावें असें मात्र तिचें चरित्र नाहीं. त्यांत त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न गुंतलेला आहे. मैदानी खेळांत स्त्रिया मंद दिसतात त्याचें कारण त्यांची शरीरप्रकृति, कीं त्यांच्यावर लादलेले आचार? एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांत बहुतेकांनीं या प्रश्नाचें उत्तर फारसा विचार न करितांच देऊन टाकिलें होतें. लॉटीच्या खेळानें तें उत्तर पुन्हां तपासावयास लाविलें.

लॉन टेनिस हा खेळ त्या वेळीं नवाच होता. विंबल्डन येथें पुरुषांची स्पर्धा १८७७ सालीं सुरू झाली. स्त्रियांना तेथें प्रवेश मिळाला तो सात वर्षांनंतर, १८८४ सालीं. पहिल्या वर्षीं अवघ्या तेरा स्त्रियांनीं भाग घेतला आणि मॉड वॉटसन हिनें अंतिम सामन्यांत स्वतःच्या बहिणीला, लिलियनला, हरवून पहिलें अजिंक्यपद पटकाविलें.

लॉटीचा जन्म २४ सप्टेंबर १८७१ रोजीं चेशायर परगण्यांतील बेबिंग्टन येथें झाला. वडील जोसेफ डॉड हे लिव्हरपूलच्या बाजारांत कापसाचे दलाल होते. त्यांनीं इतकी संपत्ति मिळविली कीं, मुलांपैकीं कोणासही पोटासाठीं कष्ट करण्याची गरज उरली नाहीं. चार भावंडांत लॉटी सर्वांत धाकटी. तिचें शिक्षण घरींच झालें आणि घराच्या आवारांतच टेनिसचीं दोन कोर्टें होतीं. हें मुद्दाम सांगावयाचें कारण असें कीं, त्या काळीं हा खेळ म्हणजे सुखवस्तु घराण्यांचा विरंगुळा होता. ज्या मुलीला दिवसभर गिरणींत राबावें लागे तिच्या अंगीं केवढेंही कौशल्य असतें तरी तें कोणाच्या दृष्टीस पडलें नसतें.

१८८३ सालीं मँचेस्टर येथील उत्तर विभागाच्या स्पर्धेंत लॉटी आपली थोरली बहीण अॅनी हिच्याबरोबर दुहेरी खेळावयास उतरली. तेव्हां ती अकरा वर्षांची होती. पहिल्याच फेरींत दोघी हरल्या. परंतु पराभूतांसाठीं ठेविलेली स्पर्धा त्यांनीं जिंकली. दोन वर्षांनीं त्याच ठिकाणीं एकेरीच्या अंतिम सामन्यांत तिनें प्रत्यक्ष मॉड वॉटसनला चांगलेंच झुंजविलें. अखेर ती ८-६, ७-५ अशी हरली खरी. पण वृत्तपत्रांनीं तिला ‘चिमुकलें नवल’ अशा अर्थाचें टोपणनांव देऊन टाकिलें. १८८६ सालीं बाथ येथें तिनें त्या पराभवाची भरपाई केली. लागोपाठ पंचावन्न सामने जिंकलेल्या वॉटसनला तिनें ७-५, ६-४ असें हरविलें.

पुढच्या वर्षीं ती विंबल्डनला आली. तेव्हांची रीत अशी होती कीं, गतवर्षींच्या विजेत्यानें प्राथमिक फेऱ्या खेळावयाच्या नाहींत. इतर सर्वांत जो अखेरपर्यंत टिकेल त्यानेंच त्याला आव्हान द्यावयाचें. गतवर्षींची विजेती ब्लँश बिंग्ली ही तेवीस वर्षांची अनुभवी खेळाडू होती. लॉटीनें तिला ६-२, ६-० असें नमविलें. बिंग्ली त्याच वर्षीं विवाहानंतर मिसेस हिलयर्ड झाली. तिनें एकंदर सहा वेळां हें अजिंक्यपद मिळविलें. यावरून तिची योग्यता सहज ध्यानांत येईल. लॉटीनें विंबल्डन पांच वेळां जिंकलें आणि पांचही वेळां अंतिम सामन्यांत समोर हीच प्रतिस्पर्धी होती!

या यशाचें मर्म काय असावें? त्या काळच्या बहुतेक स्त्रिया मागच्या रेषेजवळ उभ्या राहून चेंडू जपून परतवीत. लॉटी पुढें धांवून, चेंडू जमिनीस लागण्यापूर्वींच, तो जाळ्यावरून जोरानें उलटवी. तिचे फटके पुरुषांसारखे सडेतोड असत. परंतु धांवावयाचें तर पाय मोकळे हवेत. प्रौढ स्त्रियांचे झगे जमिनीवर लोळत आणि कंबर आंवळणाऱ्या घट्ट आंगींत त्यांना श्वासही पुरता घेतां येत नसे. लॉटी वयानें मुलगी असल्यामुळें तिचा झगा पोटऱ्यांपर्यंतच असे. डोक्यावर क्रिकेटची टोपी, पायांत काळे मोजे. म्हणजे जें अल्पवय तिला अडचणीचें व्हावयाचें, त्यानेंच तिला मोकळीक दिली. मोठेपणीं तिनें ही गोष्ट विसरून न जातां लेखांतून स्पष्ट मांडली. व्यायामाला सोईचा पोषाख स्त्रियांना मिळालाच पाहिजे, असा तिचा आग्रह होता.

१८८८ सालीं, विंबल्डन दुसऱ्यांदां जिंकल्यावर, तिचा एक निराळाच सामना झाला. प्रतिस्पर्धी होता त्याच वर्षीं पुरुषांचें अजिंक्यपद मिळविलेला अर्नेस्ट रेनशॉ. अट अशी कीं, प्रत्येक गेमच्या आरंभीं लॉटीच्या खातीं तीस गुण जमा धरावे. म्हणजे गेमची निम्मी वाट तिला आधींच चालून दिलेली. पहिला सेट तिनें ६-२ असा जिंकला. पुढचे दोन रेनशॉनें ७-५, ७-५ असे मोठ्या कष्टानें घेतले. सवलत मोठी होती हें खरें. तथापि देशांतील अव्वल पुरुष खेळाडूला सोळा वर्षांच्या मुलीपुढें शिकस्त करावी लागली, हेंही तितकेंच खरें.

१८८९ व १८९० या दोन वर्षीं ती विंबल्डनला उतरलीच नाहीं. नंतर १८९१, १८९२ व १८९३ अशीं लागोपाठ तीन वर्षें तिनें अजिंक्यपद राखिलें. अखेरच्या सामन्यांत हिलयर्डनें पहिला सेट ८-६ असा घेतला, तेव्हां लॉटीनें पुढचे दोन ६-१, ६-४ असे जिंकून बाजी सांवरली. त्यानंतर अवघ्या एकविसाव्या वर्षीं तिनें एकेरीच्या स्पर्धांचा निरोप घेतला. तिच्या सर्व कारकीर्दींत एकेरीच्या स्पर्धांत तिचा पराभव झाला तो केवळ पांच वेळां.

ज्या वयांत इतरांचें यश सुरू होतें त्या वयांत तिनें खेळ सोडला, तो आळसानें नव्हे. जिंकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं कीं, तिचें मन नव्या विद्येकडे धांव घेई. इंग्लंडच्या स्त्रियांच्या हॉकी-संघांतून ती १८९९ व १९०० सालीं खेळली. १९०४ सालीं ट्रून येथें तिनें ब्रिटिश स्त्रियांचें गोल्फचें हौशी अजिंक्यपद मिळविलें. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें धनुर्विद्येंत तिला रौप्यपदक लाभलें. त्याच ऑलिंपिकांत तिचा भाऊ विल्यम यानें पुरुषांच्या धनुर्विद्येंत सुवर्णपदक मिळविलें. पहिल्या महायुद्धांत रेड क्रॉसतर्फे तिनें जखमी सैनिकांची शुश्रूषा केली आणि त्याबद्दल तिला पदकही मिळालें.

तिनें विवाह केला नाहीं. भावंडांच्या सहवासांत तिचें पुष्कळसें आयुष्य गेलें. उतारवयांतही विंबल्डनचे सामने पाहण्यास ती आवडीनें जाई. जाणें अशक्य झाल्यावर तिनें रेडिओचा आधार घेतला. २७ जून १९६० रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, हँपशायरमधील स्वे या गांवीं एका शुश्रूषागृहांत ती मरण पावली. त्या वेळीं विंबल्डनची स्पर्धा चालू होती, आणि बिछान्यावर पडल्यापडल्या ती त्या सामन्यांचें वर्णन रेडिओवर ऐकत होती.