आधी हात, मग ‘आई गं!’

मागच्या रविवारी भाकरी उलटवताना उजव्या हाताचं मधलं बोट तव्याला टेकलं. हात झटकन मागे आला. तो मागे आल्यावर मला कळलं की भाजलंय. मग तोंडातून ‘आई गं’ निघालं आणि त्याच्याही मागून, सावकाश, बोटात ती खरी आग आग सुरू झाली, जी पुढे तासभर ठाण मांडून बसली. क्रम असाच होता याची मला खात्री आहे, कारण मागे आलेला हात मला दिसत होता आणि तेव्हा तो दुखत नव्हता. क्षणभर मी स्वतःच्याच हाताकडे तिऱ्हाईतासारखा पाहत होतो.

सांगताना मात्र आपण सगळे उलटं सांगतो. ‘चटका बसला म्हणून हात मागे घेतला.’ हात मी घेतलाच नव्हता. तो परस्पर आला, मला फक्त नंतर कळवण्यात आलं.

हे कोडं जुनं आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, त्याचं माणसाच्या शरीरावरचं पुस्तक फ्रेंचमध्ये छापलं गेलं. त्यात एक चित्र आहे : शेकोटीजवळ बसलेला मुलगा, विस्तवाला लागलेलं पाऊल आणि पावलापासून मेंदूपर्यंत गेलेली एक रेघ. देकार्तच्या मते ती एक दोरीच होती. इकडे दोरी ओढली की तिकडे टांगलेली घंटा वाजते, तसं इकडे पाय भाजला की तिकडे मेंदूत वेदना वाजते. आपल्या देवळातली घंटा डोळ्यांसमोर आणा, झालं. तीनशे वर्षं हे चित्र पुष्कळांना पटत आलं, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. फक्त माझ्या बोटाच्या बाबतीत घंटा वाजायच्या आधीच पुजारी बाहेर आला होता.

बोटाच्या कातडीत चेतातंतूंची उघडी टोकं पसरलेली असतात. त्यांच्या पडद्यात प्रथिनांची बारीक दारं आहेत. त्यांपैकी एक दार तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की उघडतं. तवा दोनशेच्या घरात असतो, तेव्हा दार उघडायला वेळ लागत नाही. दार उघडलं की बाहेरचे धनभारित कण आत शिरतात आणि तंतूच्या आतबाहेरचा विजेचा तोल बिघडतो. तो पुरेसा बिघडला की पुढची दारं उघडतात, ती पुढच्यांना उघडायला लावतात. दिवाळीतली लवंगी फटाक्यांची माळ आठवा : पहिली फुटते ती दुसरीला पेटवते, दुसरी तिसरीला. शेवटची लवंगी पहिलीइतक्याच जोरात वाजते, कारण प्रत्येकीची दारू तिची स्वतःची. फरक एवढाच, की ही माळ दोन-तीन मिलिसेकंदांत पुन्हा भरून तयार होते. केंब्रिजच्या ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, जाडजूड तंतूवर काम करून १९५२ मध्ये या माळेचं गणित मांडलं. बाजारात शंभरदा पाहिलेल्या माकुळाचा वैद्यकावर एवढा उपकार असेल, हे मला तरी कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

इथे एक प्रश्न पडायला हवा. प्रत्येक लवंगी सारखीच वाजत असेल, तर कोमट आणि कढत यातला फरक कळतो कसा? उत्तर एडगर एड्रियन यांनी १९२०च्या दशकात शोधलं : आवाज तोच राहतो, वाजण्याची घाई वाढते. उद्दीपन जितकं तीव्र, तितके दर सेकंदाला जास्त ठोके. शिवाय जास्त तंतू त्या गोंगाटात सामील होतात.

तर बोटातला हा निरोप हातभर वर चढून मानेतल्या मेरुरज्जूत येतो आणि तिथे त्याला दोन वाटा फुटतात. एक वर मेंदूकडे जाते. दुसरी तिथल्या तिथे एका मध्यस्थ चेतापेशीवर उतरते, ती स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशीला जागं करते आणि हुकूम दंडाकडे निघतो. मंत्रालयात फाइल पोचायच्या आत तलाठ्यानेच काम उरकावं, तसा हा प्रकार. शाळेत आपण याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि त्यातली खरी कारागिरी हातातून निसटते. कोपर वाकवायचं तर दंडाचा पुढचा स्नायू आवळावा लागतो, पण त्याच वेळी मागचा सैल सुटला नाही तर दोघांची रस्सीखेच होईल. म्हणून मेरुरज्जू एकाच दमात दोन हुकूम काढतो : तू आवळ, तू सोड. हे चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवून दिलं; १९३२चं नोबेल त्यांना एड्रियन यांच्याबरोबर मिळालं. अनवाणी चालताना बाभळीचा काटा पायात गेला तर हिशेब आणखी वाढतो. तो पाय वर येतो, आणि दुसरा त्याच क्षणी ताठ होऊन सगळं वजन पेलतो. नाहीतर काट्यापासून वाचायच्या नादात आपण आडवे झालो असतो.

म्हणजे मेंदूला यात काही मतच नाही का? आहे. चहाचं पातेलं सांडशीतून निसटलं आणि शेजारी रांगतं पोर असेल, तर तुम्ही ते चटके सोसत ओट्यावर ठेवता आणि मगच हात झटकता. मेंदूकडून खाली येणारे तंतू मेरुरज्जूला दटावून ठेवू शकतात. माझी आजी तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटवायची. तिच्या बोटांची कातडी राठ होती, स्पर्श निमिषभराचा होता, हे खरंच. पण पन्नास वर्षांत तिच्या मेरुरज्जूलाही कळून चुकलं असणार की या बाईसमोर आपलं चालत नाही.

आता त्या उशिराचं. निरोपाला वेळ लागतो, हेच एके काळी कुणाला मान्य नव्हतं. योहानेस म्यूलर यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञालाही वाटायचं की चेतातंतूतला वेग मोजता येणं शक्य नाही. त्यांचाच शिष्य हर्मन हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याचा तंतू घेतला, तंतूला स्नायूपासून एकदा जवळ आणि एकदा दूर विजेचा झटका दिला आणि स्नायू आकसायला लागलेल्या वेळांतला फरक मोजला. वेग निघाला सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोटार धावते, साधारण तेवढा.

माणसात सगळे तंतू एका वेगाचे नसतात. साध्या स्पर्शाचे तंतू जाड आणि चरबीच्या वेष्टनातले असल्याने सेकंदाला ५०-६० मीटरही जातात. दुखण्याचे दोन प्रकार आहेत : एक बारीक पण पातळ वेष्टनाचे, ५ ते ३० मीटरवाले; दुसरे उघडेवाघडे, सेकंदाला जेमतेम एक मीटर, म्हणजे वारीतल्या माणसाच्या चालीने जाणारे. म्हणून चटका दोनदा कळतो. आधी सुईसारखं टोचतं, नेमकं कुठे ते सांगता येतं. मग सेकंदभराने ती पसरट, रेंगाळणारी आग येते. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की हा फरक आणखी स्पष्ट कळतो, कारण वाट लांब. ठेच लागल्यावर ‘आता येईल बघ’ म्हणून आपण दात-ओठ आवळून थांबतो ना, ते याच पायी चालणाऱ्या तंतूंची वाट पाहत.

४३ अंशांना उघडणाऱ्या त्या दाराचा शोध मात्र तव्यावर लागला नाही, मिरचीतून लागला. कॅलिफोर्नियातले डेव्हिड ज्युलियस मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं कशाला जाऊन भिडतं याचा माग काढत होते. १९९७ मध्ये त्यांना ते दार सापडलं, आणि ते मिरचीसारखंच उष्णतेनेही उघडतं असं दिसलं. त्याचं नाव ‘टीआरपीव्ही-१’. ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘भाजतं’ असं आपण म्हणतो ते अलंकारिक नाही. तंतूंच्या दृष्टीने तिथे खरोखरच आग लागलेली असते. गंमत अशी की मिरची आपल्याकडची नाहीच. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली. आणि ज्याला आपण कौतुकाने मिरची भरवतो त्या पोपटाला यातलं काहीच जाणवत नाही, कारण पक्ष्यांचं हे दार उष्णतेने उघडतं पण कॅप्सेसिनने उघडत नाही. पोपट पराक्रमी नाही. त्याला तिखट लागतच नाही. आर्डेम पटापूटियन यांनी २०१० मध्ये दाबाने उघडणारी दारं शोधली, आणि २०२१चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं.

बोट भाजल्यावर मी काय केलं? नळाखाली धरलं. ते बरोबरच होतं : वीसेक मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. कोपर आपटलं असतं तर चोळलं असतं. चोळल्याने बरं वाटतं यामागे कारण आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की मेरुरज्जूत वेदनेच्या वाटेवर एक फाटक असतं, आणि स्पर्शाच्या जाड तंतूंची वर्दळ झाली की ते लोटलं जातं. तपशील पुढे बरेच बदलले, पण फाटकाची कल्पना टिकली. ते फाटक वरून, मेंदूकडूनही लोटता येतं. पडलेल्या पोराला आई चोळते, फुंकर घालते आणि वर ‘हात रे, माझ्या बाळाला लागलं’ म्हणून जमिनीला चापट मारते, तेव्हा ती दोन्ही बाजूंनी जोर लावत असते.

पण मूळ प्रश्न तसाच राहतो. वेदना येण्याआधीच हात सुटलेला असतो, तर मग तासभर ही आग कशासाठी?

याचं उत्तर ज्यांच्याकडून ती आग हिरावली गेली त्यांच्याकडे आहे. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे हात, पाय, नाक, कानाच्या पाळ्या इथल्या चेतातंतूंच्या वेष्टनपेशींत घर करतो आणि संवेदना विझवतो. अमरावतीचं तपोवन आणि वरोऱ्याचं आनंदवन ज्या महाराष्ट्रात उभं राहिलं, तिथे झडलेली बोटं हे चित्र नवं नाही. बोटं रोगाने सडून गळतात अशीच समजूत होती. १९४६ पासून वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांना ती पटेना. एकदा त्यांच्याकडून गंजलेलं कुलूप उघडेना. एका लहान रोग्याने किल्ली घेतली आणि झटक्यात फिरवली. ब्रँडनी त्याचा हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत कापलेलं. पोराला पत्ताच नव्हता. आपल्याला ‘आता पुरे’ सांगणारं जे असतं, तेच त्याच्याकडे नव्हतं. काहींची बोटं रात्रीत नाहीशी व्हायची. माग काढला तेव्हा झोपेत उंदीर कुरतडत असल्याचं दिसलं. मग रोग्यांना मांजरं देण्यात आली.

पुढे अमेरिकेत ब्रँडनी कृत्रिम वेदना बनवायचा घाट घातला. हातमोज्यांत दाब मोजणारी यंत्रं बसवली, धोका असला की कानात आवाज व्हायचा. रोग्यांनी दुर्लक्ष केलं. दिवे लावले, तरी तेच. शेवटी काखेत विजेचा झटका दिला. तेव्हा एकाने पान्याने घट्ट नट सोडवायचा होता म्हणून यंत्र बंद केलं, नट सोडवला आणि मग यंत्र चालू केलं. ब्रँडनी तो नाद सोडला. नुसती खबर उपयोगाची नव्हती. जिचं बटण आपल्या हातात नाही, अशीच खबर लागत होती. मेरुरज्जू या तव्यापासून हे बोट वाचवतो, पण फोड फुटू नये म्हणून आठवडाभर ते बोट जपून वापरायला लावतं ते दुखणंच.

आज कुष्ठरोग औषधांनी बरा होतो, आणि आशाताई घरोघर फिकट, बधिर चट्ट्याची चौकशी करतात ती म्हणूनच. आपल्या घरांत बधिरपणा आता जास्त करून मधुमेहातून येतो. सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात तळपायापासून होते. माझ्या मामांनी दोन वर्षांपूर्वी भर दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. घरी आल्यावर मामींना फरशीवर ओले ठसे दिसले, तेव्हा कळलं की दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटलेत. जखमा भरायला तीन महिने लागले. तेव्हापासून ते रोज रात्री पलंगावर बसून हातात आरसा धरतात आणि तळवे पाहतात.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांना माझ्या बोटाची पट्टी दिसली.

“दुखतंय का रे अजून?”

“हो ना. ठणकतंय.”

“हं,” म्हणाले. मग वाकून त्यांनी चपलेत हात घातला, आत काही टोचत नाही ना ते चाचपून पाहिलं आणि ती पायात सरकवली.